डोळ्यातील सुई आणि मनातील भय

मराठी माणसाने डोळा किती जपला आहे, हे आपल्या वाक्प्रचारांवरून सहज ध्यानात येते. नकोशी गोष्ट डोळ्यांत खुपते, जोखमीचे काम डोळ्यांत तेल घालून करावयाचे असते आणि परगावच्या मुलाची वाट डोळ्यांत प्राण आणून पाहिली जाते. धुळीचा कण नुसता जवळ आला तरी पापणी आपल्या अनुमतीवाचून मिटते. अशा या अवयवात सुई टोचावयाची आहे असे ज्याला सांगितले जाते, त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल आणि त्या अवस्थेचा उपचारावर कोणता परिणाम होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बालरोगतज्ज्ञाने नेत्रोपचारावर लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इंजेक्शन कसे द्यावे, हे सांगण्याचा अधिकार नेत्रतज्ज्ञांचाच आहे. तथापि सुईचे भय हा बालरोगतज्ज्ञाच्या नित्याच्या परिचयाचा विषय होय. या भयासंबंधी बालरोगशास्त्राने गेल्या काही दशकांत जे ज्ञान मिळविले, ते सत्तर वर्षांच्या आजोबांनाही तितकेच उपयोगी पडते. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बालकांनाही आता हे इंजेक्शन द्यावे लागते, त्यामुळे हा विषय आमच्या दाराशीच आला आहे.

हा उपचार कशासाठी?

दृष्टिपटलाच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा लहानसा भाग असतो. वाचन, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व कामे या भागाच्या बळावर चालतात. वार्धक्यात येणाऱ्या मॅक्युलाच्या एका विकारात तेथे नाजूक व सदोष रक्तवाहिन्या वाढतात. मधुमेहात रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून तेथे सूज येते. दोहोंच्या मुळाशी व्हीईजीएफ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याचा प्रभाव रोखणारे औषध डोळ्याच्या पोकळीत सोडणे, हे या उपचाराचे तत्त्व.

२००५ च्या सुमारास बेव्हॅसिझुमॅबचा डोळ्यात वापर सुरू झाला. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅबला, २०११ मध्ये अफ्लिबरसेप्टला आणि २०२२ मध्ये फॅरिसिमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मरीना' या चाचणीत रॅनिबिझुमॅब घेणाऱ्या सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी वर्षभर टिकली किंवा अल्प प्रमाणातच घटली. औषधाविना हेच प्रमाण ६२ टक्के होते. त्यापूर्वी अशा रुग्णांची दृष्टी मावळताना बहुधा पाहतच राहावे लागे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. यावरून हा उपचार किती घरांत पोहोचणार आहे, याची कल्पना यावी.

प्रत्यक्ष कृती अल्प काळाची आहे. थेंबांनी डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात, स्पेक्युलम या छोट्या साधनाने पापण्या उघड्या ठेवतात. नंतर बुब्बुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, केवळ ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडतात. सुईची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे रक्त काढण्याच्या नेहमीच्या सुईहून पुष्कळच कमी असते. सुई आत असण्याचा काळ काही सेकंदांचा.

परंतु हे इंजेक्शन एकदाच घेऊन भागत नाही. पहिले काही महिने ते बहुधा दरमहा द्यावे लागते आणि पहिल्या वर्षात सात-आठ किंवा त्याहून अधिक इंजेक्शने होऊ शकतात. पुढेही अंतर वाढवीत उपचार चालू राहतो. म्हणूनच पहिल्या अनुभवाचा ठसा मनावर कसा उमटतो, याला या उपचारात विलक्षण महत्त्व आहे.

भय नेमके कशाचे?

वेदनेचे भय हेच मुख्य असावे, असा आपला समज असतो. ब्रिटनमधील मँचेस्टर येथे ३०० रुग्णांचा अभ्यास झाला व तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ५६ टक्के रुग्णांनी उपचाराविषयी चिंता वाटत असल्याचे सांगितले. परंतु चिंतेची प्रमुख कारणे दोन निघाली : इंजेक्शनमुळेच आपण आंधळे होऊ की काय, आणि एवढे करून गुण येईल की नाही. वेदनेचा क्रमांक त्यानंतरचा. याच रुग्णांपैकी १७ टक्क्यांमध्ये चिंताविकाराच्या व १२ टक्क्यांमध्ये नैराश्याच्या पातळीची लक्षणे आढळली. नैराश्य हे उपचाराच्या आरंभी, म्हणजे पहिल्या तीन इंजेक्शनांपर्यंतच्या रुग्णांत अधिक होते. म्हणजे ज्या काळात आपण रुग्णाला सर्वाधिक वेळ द्यावयास हवा, तो काळ हाच.

दैनंदिन व्यवहारात या भयाचे आणखी काही पदर दिसतात. 'मधेच माझी पापणी मिटली तर?', 'डोळा हलला तर?', 'सुई समोरून येताना दिसेल का?' हे प्रश्न मनात घोळत असतात, परंतु विचारले जात नाहीत. वस्तुतः प्रत्येकाचे उत्तर सोपे आहे. पापणी मिटू नये याची काळजी स्पेक्युलम घेते. नजर कोठे स्थिर ठेवावी हे डॉक्टर सांगतात. आणि नजर दुसरीकडे वळविलेली असल्याने सुई सहसा दिसत नाही.

सुशिक्षित घरांत भयाचा एक निराळाच उगम आढळतो. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये मान्य झालेले औषध होय. रुग्णाचा मुलगा वा नात औषधाचे नाव शोधते आणि 'आजोबांना कर्करोगाचे औषध का देताहेत?' या प्रश्नाने घर हादरते. आजोबांना कर्करोग असून तो लपविला जात आहे, इथपर्यंत तर्क जातो. हे औषध डोळ्यासाठी जगभर का वापरले जाते आणि त्याची मात्रा किती अल्प असते, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगितले तर हा अनर्थ टळतो.

शेवटचा पदर परावलंबनाचा. आपल्या इंदूरसारख्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांतील मुले आज पुणे, बंगळूर वा परदेशी आहेत. दर महिन्याला कोणाला तरी सोबतीला बोलवावे लागणे, खर्च करावा लागणे, याचा संकोच वृद्धांना सुईपेक्षा अधिक टोचतो. 'आता माझं वय झालं, कशाला हे सगळं?' या वाक्यामागे पुष्कळदा विरक्ती नसून हा संकोच असतो.

भयाची मुळे बालपणात

सुईच्या तीव्र भयाचा आरंभ बहुधा बालपणातच होतो, असे अभ्यासक सांगतात. आपल्या घरांत तर ते भय आपण हौसेने पेरतो. 'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील' हे वाक्य ज्याने ऐकले नाही, असे मराठी मूल विरळा. औषधाचे साधन अशा रीतीने शिक्षेचे साधन बनते. हेच मूल साठ वर्षांनी डोळ्याच्या दवाखान्यात बसते, तेव्हा त्याच्या मनात ती जुनी सुई जागी होते.

वैद्यकशास्त्रानेही एके काळी बालकाच्या वेदनेकडे पाठ फिरविली होती. नवजात अर्भकास वेदना फारशी कळत नाही, अशा समजुतीने शस्त्रक्रियादेखील अपुरी भूल देऊन केल्या जात. १९८७ मध्ये आनंद व हिकी यांच्या निबंधाने ही समजूत सप्रमाण खोडून काढली. १९९७ मध्ये कॅनडातील अभ्यासात असे दिसले की, जन्मानंतर लगेच भुलीवाचून सुंता झालेली बालके काही महिन्यांनी लस टोचताना इतर बालकांपेक्षा अधिक वेदना दर्शवितात. शब्दांत सांगता न येणारी वेदनाही स्मृतीत राहते, हा त्याचा अर्थ. मग बोलत्या, विचार करणाऱ्या प्रौढाच्या स्मृतीविषयी काय सांगावे!

घेरी येणारे रुग्ण

सुई वा रक्त पाहून येणारे भय इतर भयांहून शारीरदृष्ट्या वेगळे आहे. साप दिसला की नाडी व रक्तदाब वाढतात आणि वाढलेलेच राहतात. सुईच्या भयात मात्र काही व्यक्तींमध्ये नाडी प्रथम वाढते व नंतर नाडी आणि रक्तदाब दोन्ही एकदम खाली येऊन घेरी येते. अशा रुग्णास 'घाबरट' म्हणणे अन्यायाचे आहे. ही त्याच्या मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये यावर एक सोपी रीत मांडली. हात, पाय व धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताणून धरावेत, मग सैल सोडावेत, थोडे थांबून पुन्हा ताणावेत, असे चार-पाच वेळा करावे. त्यायोगे रक्तदाब सावरतो. डोळ्याच्या इंजेक्शनात मान व चेहरा स्थिर हवा असल्याने हा प्रयोग बाहेर प्रतीक्षा करतानाच करावा. रक्तदाब वा हृदयाचा विकार असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारून करावा. पूर्वी कधी घेरी आली होती काय, हा प्रश्न आधी विचारावा. इंजेक्शन आडवे निजवून द्यावे आणि नंतर लगेच उठवू नये.

खरे बोलावे, पण कसे?

बालरोगशास्त्राचा सर्वांत मोलाचा धडा येथे कामी येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात लस देणाऱ्याने शांत असावे, भय वाढविणारे शब्द टाळावेत, त्याचप्रमाणे खोटा दिलासाही देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. टोचण्याच्या क्षणी 'आता दुखेल हं' न म्हणता 'आता देतो' एवढेच म्हणावे.

'काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल' हे आपले ठरलेले वाक्य या कसोटीवर दोन्हीकडून नापास होते. प्रत्यक्षात काहीतरी होतेच, आणि ते झाल्यावर रुग्णाचा आपल्या पुढच्या शब्दावरील विश्वास उडतो. उलट टोकाला जाऊन 'फार दुखेल, सहन करा' असे म्हणणेही हितावह नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा इशाऱ्यांनी रुग्णांची वेदना व चिंता दोन्ही वाढल्याचे आढळले. मध्यम मार्ग हा की, जे जाणवणार आहे ते क्रमाने, साध्या शब्दांत, आधी सांगावे. उदाहरणार्थ :

"आजी, आधी थेंब घालतो, त्यानं डोळा बधिर होईल. मग औषधानं डोळा धुऊ, तेव्हा ओलं वाटेल, थोडं चुरचुरेल. जंतू राहू नयेत म्हणून ते लागतं. पापण्या उघड्या ठेवायला एक छोटं साधन लावतो, म्हणजे पापणी मिटण्याची काळजी तुम्हाला नको. मी सांगेन तिकडे बघत राहा. डोळ्यावर दाब जाणवेल, तेवढ्यात औषध आत गेलेलं असेल. मधे थांबावंसं वाटलं तर डोकं न हलवता तोंडानं सांगा, मी थांबेन."

या संभाषणास एक मिनिटही लागत नाही. त्यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. थांबविण्याचा अधिकार आपल्या हाती आहे, या जाणिवेनेच भय ओसरते. तो अधिकार प्रत्यक्ष वापरणारे रुग्ण थोडेच असतात.

भाषेचाही विचार करावयास हवा. आपल्याकडील दवाखान्यांत व्यवहार हिंदीत चालतो आणि आपली वृद्ध मंडळी उत्तम हिंदी बोलतात. तरी भय मनुष्याला मातृभाषेतच वाटते. 'कुछ पूछना है?' या प्रश्नाला 'नहीं' म्हणणाऱ्या काकू 'मनात काही शंका आहे का हो?' असे विचारताच बोलत्या होतात. नेत्रतज्ज्ञ अन्यभाषी असतील तर हे काम आपल्या समाजातील कौटुंबिक डॉक्टरांनी आधीच करून ठेवावे.

मुलाला लस देताना आम्ही खुळखुळा दाखवितो, आईच्या मांडीवर बसवितो. प्रौढांसाठी याचीच रूपे म्हणजे परिचारिकेने धरलेला हात, प्रतीक्षेत मंद संगीत, आणि संथ श्वासाकडे वळविलेले लक्ष. यांस खर्च नाही. लांबलेली प्रतीक्षा मात्र भय वाढविते. म्हणून किती वेळ लागेल, हे सांगत राहावे.

शेवटचा क्षण आणि नंतरचे दोन दिवस

रेडेलमायर व कानेमन यांनी १९९६ मध्ये आतड्याच्या दुर्बीण तपासणीवरील अभ्यासात असे दाखविले की, रुग्णाच्या स्मरणात तपासणीचा एकूण काळ फारसा राहत नाही. सर्वाधिक वेदनेचा क्षण आणि शेवटचा क्षण राहतो. डोळ्याच्या इंजेक्शनात सुई निघाल्यावर आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो, आणि नेमक्या त्याच वेळी स्पेक्युलम काढणे व उरलेले आयोडीन यांचा त्रास होत असतो. ते साधन हलक्या हाताने काढणे, डोळा नीट धुणे आणि 'छान झालं, औषध जागेवर पोहोचलं' असे सांगणे, एवढ्याने शेवटचा क्षण बदलतो आणि पुढच्या महिन्याची पावले हलकी होतात.

घरी गेल्यावर भय पुन्हा डोके वर काढते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसतो, नजरेपुढे काळे गोल ठिपके तरंगतात, आणि 'डोळा गेला' असे वाटून रात्रीची झोप उडते. हा डाग पृष्ठभागाखालील रक्ताचा असून साधारणतः आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. ठिपके बहुधा हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांचे असून एक-दोन दिवसांत नाहीसे होतात. हे आधी सांगितलेले असेल तर रुग्ण निर्धास्त राहतो.

याचबरोबर खऱ्या धोक्याची खूणही सांगावयास हवी. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचा संभव काही हजार इंजेक्शनांमागे एक इतका विरळ आहे, परंतु तो झाल्यास तासातासाला महत्त्व असते. पुढील काही दिवसांत वेदना वाढत गेली, दृष्टी कमी होत गेली, लाली व प्रकाशाचा त्रास वाढला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठावे. हा इशारा दूरध्वनी क्रमांकासह लिहून द्यावा. काय साधे व काय गंभीर हे ज्याला ठाऊक आहे, तो कमी घाबरतो आणि वेळेवर येतो.

अपुऱ्या दिवसांची बाळे व त्यांचे आईवडील

अपुऱ्या दिवसांच्या बालकांत दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. ती पुढे विकृत रीतीने होऊ लागली तर आरओपी हा अंधत्व आणणारा विकार होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सूचनांनुसार २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या वा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासले पाहिजेत. २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमहून लहान बालकांचे तर दोन-तीन आठवड्यांतच. यावर लेसर हा प्रस्थापित उपचार आहे. २०११ च्या 'बीट-आरओपी' चाचणीनंतर काही प्रकारांत इंजेक्शनचाही वापर वाढला.

येथे रुग्ण बोलू शकत नाही. भय भोगतात ते आईवडील. ओंजळीएवढ्या बाळाच्या डोळ्यात सुई, आणि निर्णयासाठी अवधी दोन-तीन दिवसांचा! आईच्या मनात 'माझंच काही चुकलं' हा अपराधभाव आधीच असतो. घरातील वडीलधारी मंडळी 'एवढ्याशा जिवाला सुई नको, देव बघून घेईल' म्हणतात. अशा वेळी आईला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. यात तिचा दोष नाही. थांबल्यास बाळ आयुष्यभरासाठी दृष्टी गमावू शकते. आणि बाळाची वेदना कमी करण्याची काळजी घेतली जाईल. डोळा बधिर करणारे थेंब, बाळाला नीट गुंडाळून धरणे, आईच्या दुधाचे वा साखरपाण्याचे थेंब जिभेवर देणे, या साध्या उपायांनी तपासणी व उपचारातील त्रास काही अंशी कमी होतो. इंजेक्शननंतर विकार काही आठवड्यांनी वा महिन्यांनी परतू शकतो. त्यामुळे पुढील तपासण्या चुकवू नयेत, हे वडिलांनाच नव्हे, तर आजी-आजोबांनाही समोर बसवून सांगावे.

मधेच सोडलेला उपचार

या सर्व विवेचनाचे कारण एकच : भ्यालेला रुग्ण तक्रार करीत नाही, तो येणे थांबवितो. मधुमेहाच्या प्रगत अवस्थेत केवळ इंजेक्शनांवर असलेले आणि नंतर सहा महिन्यांहून अधिक काळ न आलेले रुग्ण परतले, तेव्हा त्यांच्यात दृष्टिपटल ओढले जाऊन सुटण्याचे प्रमाण लेसर घेतलेल्यांपेक्षा अधिक होते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. म्हणजे अर्ध्यावर सोडलेला चांगला उपचारही डोळा घालवू शकतो. गमावलेली ही दृष्टी पुष्कळदा परत आणता येत नाही.

कौटुंबिक डॉक्टर रक्तातील साखर व रक्तदाब दर भेटीत पाहतात. त्याच वेळी पुढील प्रश्न विचारले तर नेत्रतज्ज्ञांचे अर्धे काम होईल :

१. मागचे इंजेक्शन कधी झाले व पुढचे कधी आहे?
२. त्या दिवशी सोबत कोण जाणार?
३. मागच्या वेळी सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला?
४. खर्चाची अडचण आहे काय? असल्यास उपचार सोडण्याआधी नेत्रतज्ज्ञांना सांगितले काय? औषधाचे वा लेसरचे पर्याय काही वेळा निघू शकतात.
५. झोप, भूक, मन कसे आहे? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी असल्यास तिचाही स्वतंत्र उपचार करावा.

कुटुंबीयांना एवढीच विनंती की, 'त्यात काय घाबरायचं?' असे वृद्धांना म्हणू नये. 'तारीख मी लक्षात ठेवली आहे, मी येतो' असे म्हणावे. मुले परगावी असतील तर शेजारच्या वा मंडळातील कोणी सोबत करावी. आपल्या समाजात सत्यनारायणाला व हळदीकुंकवाला माणसे जमतात, तशी महिन्यातून एका सकाळी दवाखान्यापर्यंतही जमू शकतील. आणि घरातील लहानग्यांना सुईची धमकी देणे आजपासून थांबवावे. आज आपल्या मांडीवर लस घेणारी ही मुले उद्या वृद्ध होतील. त्यांच्यापैकी कोणाला डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागले, तर निदान ते भय त्यांनी बरोबर आणलेले नसावे.